काचेपलीकडचे बाळ : अतिदक्षता विभागातील पालक आणि स्पर्शाचे मोल

अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे बाळ जन्मले की घरात आणि शेजारीपाजारी एकच वाक्य ऐकू येते : ‘बाळाला काचेत ठेवले आहे.’ एवढ्याशा वाक्यात त्या घराची सारी व्यथा आलेली असते. बाळ दिसते, परंतु हाती येत नाही. आई प्रसूती विभागातील खाटेवर, बाबा औषधांच्या दुकानासमोरील रांगेत आणि ज्याची इतके महिने वाट पाहिली ते बाळ नळ्या, तारा व यंत्रांच्या आवाजात, अशी कुटुंबाची तीन ठिकाणी विभागणी होते.

हा प्रसंग दुर्मीळ नाही. गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले बाळ म्हणतात. जागतिक अंदाजानुसार सन २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अशी अकाली जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतातील होती. हा आकडा जगातील सर्व देशांत सर्वाधिक होता. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात कोणा ना कोणा कुटुंबाने हे दिवस काढलेले आहेत.

डॉक्टर आणि परिचारिका बाळाची काळजी घेत असतात. मात्र दाराबाहेर बसलेल्या आईबाबांच्या मनाचे काय, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नाही. त्याचे जे उत्तर पुढे आले ते अत्यंत साधे आहे : त्यांना आपल्या बाळाला स्पर्श करू द्यावा. हा स्पर्श उपचाराचाच एक भाग आहे. बाळ आणि पालक अशा दोघांवर तो एकाच वेळी गुण देतो. ही माहिती वाचकांच्या हाती असावी, या हेतूने आम्ही या विषयाची मांडणी करीत आहोत.

ताण नेमका कशाचा?

अतिदक्षता विभागातील पालकांना सर्वांत मोठी भीती बाळाच्या जिवाची असते, हे उघड आहे. परंतु त्यांचा ताण तेवढ्यानेच पूर्ण होत नाही. अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक मार्गारेट माइल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ताण मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली आणि ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत ताणाची तीन उगमस्थाने धरली आहेत. पहिले, विभागातील दृश्ये आणि आवाज. दुसरे, बाळाचे रूप आणि त्याच्या हालचाली. तिसरे, आई किंवा वडील या नात्याने आपली भूमिका हिरावली गेल्याची भावना.

ही प्रश्नावली पुढे अनेक देशांत वापरली गेली. बहुतेक ठिकाणी तिसरे कारणच सर्वांत जड ठरले. यंत्रांच्या घंटांची हळूहळू सवय होते. परंतु ‘माझ्या बाळाला भूक लागली तर दुसरे कोणी पाहते, ते रडले तर दुसरे कोणी उचलते, मी येथे केवळ भेटीला आलेली व्यक्ती आहे’ ही जाणीव आईला आतून पोखरते. त्यात अपराधी भावनेची भर पडते. आपण जड वस्तू उचलली म्हणून असे झाले का, आपले काही चुकले का, असे प्रश्न ती स्वतःला विचारीत राहते. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने अजाणता काढलेला एखादा शब्द ही जखम अधिक खोल करतो. वस्तुतः अकाली प्रसूतीची कारणे अनेक असतात. पुष्कळदा ती वैद्यकशास्त्रालाही निश्चित सांगता येत नाहीत. त्याचा दोष आईच्या माथी मारण्यास काहीही आधार नाही.

पालकांचे मोठे दुःख आपण निरुपयोगी ठरल्याचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे केवळ ‘धीर धरा’ एवढ्या उपदेशाने ते का हलके होत नाही, हे कळते. त्यांना बाळासाठी स्वतःच्या हाताने करण्याजोगे काहीतरी हवे असते.

ही ताटातूट कशी सुरू झाली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये अकाली जन्मलेल्या बालकांसाठी उबदार पेट्यांचा वापर रुळला. त्या काळचे नामवंत प्रसूतितज्ज्ञ पिएर ब्यूदां यांनी एक गोष्ट तेव्हाच टिपली होती. बाळापासून दूर ठेवलेल्या आणि त्याची कोणतीही सेवा करू न शकलेल्या माता हळूहळू त्याच्याविषयी उदासीन होत जातात, असे त्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले. आईने बाळाला स्तनपान द्यावे आणि त्याच्या जवळ राहावे, असा त्यांचा आग्रह होता.

परंतु पुढील काळात संसर्गाची भीती वाढली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांतील अनेक रुग्णालयांत पालकांना अशा विभागाचे दार बंदच झाले. काचेतून दुरून पाहायचे आणि परत जायचे, असा शिरस्ता पडला. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांनी या ताटातुटीचे परिणाम अभ्यासण्यास प्रारंभ केला. आईला आत येऊ दिल्याने, तिने हात धुऊन बाळाला स्पर्श केल्याने संसर्ग वाढत नाही, हे हळूहळू लक्षात आले आणि बंद दारे किलकिली होऊ लागली.

बोगोटा येथील प्रयोग

या विषयातील सर्वांत मोठी कलाटणी मात्र श्रीमंत देशात घडली नाही. ती दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा शहरातील माता-बाल रुग्णालयात घडली. तेथे गरीब कुटुंबांची गर्दी मोठी होती आणि पेट्या अपुऱ्या होत्या. एकाच पेटीत दोन-तीन बालके ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. ताटातुटीमुळे काही माता बाळाला रुग्णालयातच सोडून जात.

१९७८ मध्ये तेथील डॉ. एडगर रेय सानाब्रिया यांनी एक वेगळा मार्ग धरला. बाळाची प्रकृती स्थिर झाली की त्याला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे उभे ठेवून कापडाने बांधायचे, अंगावरचे दूध द्यायचे आणि शक्य तितक्या लवकर घरी पाठवून नियमित तपासणीस बोलवायचे. कांगारूची मादी आपले अपूर्ण वाढीचे पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते, त्यावरून या पद्धतीला ‘कांगारू’ हे नाव मिळाले. पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी त्यांच्याबरोबर हे काम वाढवले आणि डॉ. नताली शार्पाक यांनी त्याला शास्त्रशुद्ध संशोधनाची बैठक दिली.

पेट्या नव्हत्या म्हणून निघालेली ही वाट आज पेट्या असलेल्या देशांनीही स्वीकारली आहे. तिला आपल्याकडे ‘कांगारू मातृसेवा’ किंवा सरळ ‘कांगारू मदर केअर’ असे म्हणतात.

संशोधन काय सांगते?

शार्पाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात जन्मलेल्या बालकांची दोन गटांत तुलना केली आणि सुमारे वीस वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा भेटून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. छातीशी वाढवलेल्या गटातील तरुणांमध्ये आक्रमकता व अतिचंचलता कमी आढळली, शाळेतील गैरहजेरी कमी होती आणि त्यांचे पालक अधिक जिव्हाळ्याने वागणारे आढळले. पहिल्या काही आठवड्यांतील स्पर्शाची छाप पालकांवरही इतकी दीर्घकाळ राहिली.

आपल्या देशातील पुरावाही भक्कम आहे. हरियाणा राज्यात घरोघरी जाऊन कमी वजनाच्या बालकांच्या मातांना ही पद्धत शिकवण्यात आली. आठ हजारांहून अधिक बालकांचा समावेश असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. याच प्रकल्पातील मातांच्या मानसिक स्थितीचाही अभ्यास झाला. प्रसूतीनंतरच्या मध्यम ते तीव्र नैराश्याच्या लक्षणांचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसून आले. बाळाला वाचवणारा तोच स्पर्श आईलाही सावरतो, याचे हे बोलके प्रमाण आहे.

पूर्वी ही सेवा बाळ स्थिर झाल्यावरच सुरू करीत. ती जन्मानंतर लगेच सुरू केली तर काय होते, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या पाच देशांत एक अभ्यास झाला. भारतातील केंद्र नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १ किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बालके त्यात होती. लगेच छातीशी धरलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के राहिले, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या गटात ते १५.७ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास नियोजित वेळेपूर्वीच थांबवण्यात आला. दुसऱ्या गटातील बालकांना या लाभापासून वंचित ठेवणे योग्य नव्हते. मे २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की अकाली जन्मलेल्या व कमी वजनाच्या बालकांना ही सेवा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्यावी.

स्पर्शाने काय घडते?

बाळाच्या कातडीखाली चरबी फार कमी असते, म्हणून ते लवकर गार पडते. आईच्या छातीची ऊब त्याला सतत मिळत राहते. आईच्या श्वासाची लय आणि हृदयाचे ठोके त्याला गर्भापासून ओळखीचे असतात. त्यांच्या सान्निध्यात त्याचा श्वास व नाडी अधिक नियमित होतात आणि झोप गाढ लागते. रुग्णालयातील जंतूंऐवजी आईच्या अंगावरील नेहमीच्या जंतूंशी त्याची ओळख होते. टाचेतून रक्त घेताना बाळ आईच्या छातीशी असेल तर त्याला वेदना कमी होतात, हेही अभ्यासांतून दिसले आहे.

आईच्या शरीरातही बदल घडतो. त्वचेला त्वचा लागली की ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते. त्याने पान्हा फुटण्यास मदत होते, मन शांत होते आणि बाळाविषयीची ओढ दृढ होते. कित्येक मातांना बाळ छातीशी धरल्यानंतरच ‘हे माझे बाळ आहे’ अशी पहिली खात्री पटते. तोपर्यंत ते जणू रुग्णालयाचे असते.

स्पर्श कसा करावा?

पुढील सर्व गोष्टी बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या संमतीने व त्यांच्या देखरेखीखाली कराव्यात.

सर्वप्रथम स्वच्छता. अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढून कोपरापर्यंत हात साबणाने धुवावेत. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद द्यावीत. नखे कापलेली असावीत. हात कोरडे व उबदार झाल्यावरच आत न्यावेत. सर्दी, खोकला किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर तसे आधी सांगावे.

बाळ फारच नाजूक असेल आणि पेटीतून बाहेर काढता येत नसेल, तेव्हा ‘हातांचे कोंदण’ द्यावे. एक तळवा बाळाच्या डोक्यावर अलगद टेकवावा आणि दुसऱ्या हाताने त्याचे दुमडलेले पाय व बूड आधाराने धरावे. हात हलवू नये, चोळू नये, थोपटू नये. नुसता स्थिर ठेवावा. अशा बाळाची त्वचा अत्यंत पातळ असते आणि मज्जासंस्था अपक्व असते. म्हणून वरवर फिरणारी बोटे त्याला त्रासदायक वाटू शकतात, तर स्थिर व उबदार तळवा त्याला गर्भाशयाच्या भिंतीप्रमाणे आधार देतो. हात काढून घेताना एकदम न काढता आधी एक, मग दुसरा असा सावकाश काढावा. आपल्याकडील तेल लावून मालिश करण्याची रीत अशा बाळासाठी डॉक्टरांनी सांगेपर्यंत दूर ठेवावी.

बाळ आपली नापसंती खुणांनी सांगते. बोटे ताठ फाकणे, वारंवार उचकी किंवा जांभई येणे, तोंड फिरवणे, रंग बदलणे, या खुणा दिसल्या तर त्याला विश्रांती हवी आहे असे समजावे आणि परिचारिकेस सांगावे. चेहरा सैल होणे, मूठ तोंडाशी नेणे, श्वास संथ होणे, या समाधानाच्या खुणा होत. काही दिवसांतच पालक त्या यंत्राच्या पडद्यापेक्षा लवकर ओळखू लागतात. आपल्याला आपले बाळ कळते, या जाणिवेने त्यांचा गेलेला आत्मविश्वास परत येतो.

कांगारू पद्धतीसाठी आईने पुढून उघडणारा सैल पोशाख घालावा व थोडे मागे रेलून बसावे. बाळाच्या अंगावर केवळ टोपडे, मोजे व लंगोट असावा. त्याला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे ठेवावे, मान एका बाजूला वळवलेली व किंचित वर असावी म्हणजे श्वासमार्ग मोकळा राहतो. हातपाय बेडकासारखे दुमडलेले असावेत. वरून साडी, शाल किंवा त्यासाठीचा खास पट्टा बांधावा. एका वेळी किमान तासभर तरी ठेवावे, कारण वारंवार उचलाठेव केल्याने बाळ दमते. नाकात दूध देण्याची नळी किंवा प्राणवायूची नळी असली तरी परिचारिकेच्या साहाय्याने हे पुष्कळदा शक्य होते. घरी गेल्यावरही बाळाचे वजन अडीच किलोच्या आसपास होईपर्यंत किंवा ते स्वतःच चुळबुळ करून बाहेर येऊ पाहीपर्यंत ही सेवा चालू ठेवावी.

बाबांचे स्थान

शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली आई पहिले काही दिवस बाळापर्यंत पोहोचू शकत नाही. कधी ती स्वतःच गंभीर आजारी असते. अशा वेळी बाबांची छाती तितकीच उबदार असते. आजी, मावशी किंवा आत्या यांनाही ही सेवा देता येते. आपल्या समाजात तान्ह्या बाळाची सेवा हे बायकांचे काम मानण्याची सवय आहे. त्यामुळे बाबा पैशांची जुळवाजुळव आणि धावपळ यांतच अडकतात आणि आपले रडू गिळतात. त्यांचा ताण दिसत नाही म्हणून तो नसतो असे नव्हे. तासभर बाळाला छातीशी धरून बसलेला पिता त्या तासात अश्रू ढाळू शकतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

रुग्णालयात काय विचारावे?

काही रुग्णालये आजही पालकांना दिवसातून थोडाच वेळ आत सोडतात. म्हणून शासनाचे धोरण काय आहे, हे वाचकांना ठाऊक असावे. केंद्र शासनाने २०१४ मध्ये कांगारू मातृसेवेची आणि २०१७ मध्ये ‘कुटुंबाच्या सहभागातून नवजात बालकाची काळजी’ या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दुसऱ्या दस्तऐवजानुसार शासकीय रुग्णालयांतील विशेष नवजात कक्षांत पालकांना प्रवेश देऊन, प्रशिक्षण देऊन, बाळाच्या नित्य काळजीत सहभागी करून घेणे अपेक्षित आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झालेली मातृदुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. आईकडून मिळणारी गोष्ट हेच औषध, ही दृष्टी आपल्या राज्याला नवी नाही.

म्हणून पालकांनी नम्रपणे पण न संकोचता विचारावे : आम्हाला बाळाला स्पर्श केव्हा करता येईल? कांगारू सेवा आज सुरू करता येईल का? नसेल तर कोणत्या कारणाने, आणि ते कारण केव्हा दूर होईल? लंगोट बदलणे, नळीतून दूध देताना ती धरणे, तोंडाला चिकाचा थेंब लावणे, यांपैकी आम्ही काय करू शकतो? असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

स्पर्शानेही दुःख हलके होत नसेल तर तेही लपवू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, सतत रडू येणे, बाळाकडे जावेसे न वाटणे किंवा जीव नकोसा होणे ही आजाराची लक्षणे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी विनामूल्य उपलब्ध आहे.

बाळ जगणार नसेल तेव्हा

सर्वच बाळे घरी येत नाहीत, हे सत्य टाळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अशा घडीला नातलग मायेपोटी आईला दूर ठेवू पाहतात; ‘तिला सहन होणार नाही’ असे म्हणतात. परंतु बाळाला कुशीत घ्यायचे की नाही, हे तिला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणी ठरवू नये. ज्यांची इच्छा असेल त्या आईबाबांना त्याला मिठीत घेण्यासाठी, त्याच्या नावाने त्याला हाक मारण्यासाठी वेळ व एकांत द्यावा. तेवढा वेळ ते पालक होते आणि त्यांनी आपले काम केले, ही आठवण पुढे आधार देते. जिवाला धोका असलेल्या बाळाचा स्नानसंस्कार विलंब न लावता करावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. धर्मगुरू वेळेत पोहोचणे शक्य नसेल तर योग्य हेतू असलेली कोणीही व्यक्ती, म्हणजे परिचारिका किंवा आईवडीलही, तो देऊ शकतात.

धर्मग्रामाने काय करावे?

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरूंपाठोपाठ आईवडील बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. तोच स्पर्श, स्वच्छ हाताने व परिचारिकेच्या संमतीने, पेटीतील बाळालाही रोज करता येतो. यासाठी कोणत्याही सोहळ्याची आवश्यकता नाही.

शेजाऱ्यांनी आणि नातलगांनी मात्र बाळाला पाहण्यासाठी गर्दी करू नये. आई दिवसाचे आठ तास बाळाला छातीशी धरणार असेल तर तिच्या घरचा स्वयंपाक, थोरल्या मुलाची शाळा, पाण्याचे भरणे, रुग्णालयात जाण्यायेण्याचे भाडे हे सारे कोणीतरी उचलले पाहिजे. डबा पोहोचवणारा हातही त्या बाळाच्या उपचारात सहभागी असतो. ‘वजन किती झाले?’ असा प्रश्न रोज विचारण्यापेक्षा ‘आज बाळाला घेतलेस का?’ असे विचारावे. वजन वाढणे आईच्या हाती नसते. बाळाला हात लावणे असते.